ओट्यावर राहिलेलं ताट

फोन सुगुणाचा होता. आम्ही नवरा-बायको महिनाभरासाठी पुण्याला लेकीकडे आलो होतो. मी गवार मोडत बसले होते, हात चिकट झालेले, म्हणून लेकीनं फोन माझ्या कानाशी धरला. "नलिनीअक्का, पद्माक्का गेल्या," सुगुणा म्हणाली. सकाळची कॉफी झाली होती, ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, सोबतीला आलेली सुगुणा पेपर द्यायला गेली तर मान एका बाजूला कललेली... डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. एवढं सांगून ती थोडी थांबली आणि मग म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या त्यांनी चिंच भिजत घातली होती. तिचं मी काय करू?" त्या चिंचेचं पुढं सांगते. पण मला रडू फुटलं ते त्या चिंचेपाशी, हे आत्ताच सांगून टाकते.

पद्मावती ही माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सगळं तंजावर तिला पद्माक्का म्हणायचं. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इथं आलेली, म्हणून मी एकटीच तिला 'वन्सं' म्हणत असे. तिला त्या शब्दाची फार गंमत वाटायची. मराठ्यांच्या राज्यात इथं येऊन राहिलेली जी घरं आहेत, त्यांतलं आमचं एक. घरात मराठी, दारात तमिळ आणि हिशेबाला इंग्रजी. वन्सं मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात सहायक सरकारी वकील होत्या. नोकरी लागल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांच्या टेबलावर सगळ्यांत जास्त आली ती घरात मार खाल्लेल्या बायकांची प्रकरणं, कारण बरोबरीचे पुरुष ती हळूच त्यांच्याकडे सरकवून द्यायचे. नवरा-बायकोचं भांडण, त्यात कोण पडणार...

आता मी हे का लिहायला बसले ते सांगते. पुण्याहून परतून आठ दिवस होत नाहीत तोच आमच्या मंडळींच्या संघाचं पत्रक घरी आलं. तमिळमध्ये एक बाजू, इंग्रजीत दुसरी. देवनागरी वाचणारे आता इथं बोटांवर मोजण्याइतके. त्यात वन्संचा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'मोडू घातलेले कित्येक संसार आपल्या गोड शब्दांनी जोडणारी प्रेमळ भगिनी.' मी ते दोनदा वाचलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या वन्संनी एकही संसार जोडला नाही. तसा प्रयत्नसुद्धा केला नाही. शब्द गोड तर अजिबात नव्हते; भाजीवाल्याशीसुद्धा त्या उलटतपासणी घेतल्यासारख्या बोलायच्या. बाई गेल्यावर तिच्या तोंडी साखर कोंबायची आणि तिला आपल्यासारखी करून टाकायची, ही युक्ती मला ठाऊक आहे. मी ती चालू देणार नाही. म्हणून हे मराठीत लिहिते आहे, निदान लांबच्या लोकांना तरी खरं कळू दे.

मी लग्न होऊन आले तेव्हा वन्सं नुकत्या वकील झाल्या होत्या. लग्न केलं नाही. का, ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तुझा नवरा सांभाळायचा होता ना." घरात त्यांचा दरारा असा की आमचे हे चाळिशीत आले तरी त्यांच्यासमोर पाय हलवत बसत नसत. मला मात्र त्या पहिल्यापासून धरून होत्या. संध्याकाळी कोर्टातून आल्या की बाहेरच्या ओट्यावर, इथं ज्याला तिण्णै म्हणतात त्यावर, आम्ही दोघी कॉफी घेऊन बसायचो. त्या माझं साताऱ्याचं मराठी ऐकायच्या आणि मी त्यांचं. 'मज', 'तुज', 'कोठे'... माझ्या पणजीच्या तोंडचे शब्द त्यांच्या तोंडून यायचे, आणि तेही तमिळच्या चालीवर. इथं त्यांचं बोलणं मी थोडं सरळ करून लिहिते आहे. कोर्टातल्या कामाबद्दल मात्र घरी एक अक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. तो नियम एकदाच मोडला, आणि तो माझ्यामुळं.

सुगुणाची पहिली केस ती, माझ्या लग्नाला वीसेक वर्षं झाल्यानंतरची. सुगुणा हे तिचं खरं नाव नाही, पण तिला विचारून ठेवलेलं आहे. ती आपल्यातलीच, मराठी घरातली, पापनाशमजवळच्या एका गावात दिलेली. सासरी भातशेती, नारळाची बाग, लोकांत मान. नवऱ्यानं तिचं मनगट मोडलं होतं, दरवाजाच्या अडसरानं. आपल्या माणसांत पोलिसांत जाणारी ती पहिलीच, त्यामुळं गावभर चर्चा. योगायोगानं म्हणा नाहीतर कर्मानं म्हणा, केस वन्संच्या कोर्टात आली. ही पोरगी साक्षीच्या वेळी टिकली तर केस टिकणार, नाहीतर नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सासरच्यांना तर पक्कंच माहीत होतं.

ते नवरात्राचे दिवस होते. नवरात्रात इथं घरोघर पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या ठेवतात, कोलू म्हणतात त्याला. बायका एकमेकींच्या घरी कोलू बघायला जातात आणि निघताना तांबूल मिळतं: विड्याची पानं, सुपारी, नारळ, हळदकुंकू, एखादा ब्लाउजपीस. आपल्याकडची ओटी आणि हळदीकुंकू एकत्र केल्यासारखं. मला तो सगळा थाट फार आवडायचा. एके दिवशी दुपारी वन्सं कोर्टात असताना सुगुणाची सासू आमच्या घरी आली. मी तिला ओळखत नव्हते अशातला भाग नाही, पण सणाला दारात आलेल्या बाईला काय परत पाठवायचं? तिनं कोलू बघितला, बाहुल्यांचं कौतुक केलं, माझ्या हातचं सुंदल, म्हणजे हरभऱ्याची सुकी उसळ, खाल्लं. जाताना मी तिला तांबूल दिलं, तर ती म्हणाली, मीही आणलंय, आमच्या कोलूला तुमच्या वन्संना यायला जमणार नाही म्हणून इथंच देते. आणि माझ्या पदरात पानं-सुपारी घातली. वर म्हणाली, "पोरीला आम्ही नीट नांदवून घेऊ. अक्कांना सांगा." मी मान हलवली. इथली ती मातीची बाहुली असते ना, जरा हात लागला की मान डोलावणारी, अगदी तशी.

इथं तांबूल घेणं म्हणजे काय, हे मला इतकी वर्षं राहून कळू नये? लग्न ठरतं ते तांबूल बदलून. जमिनीचा तंटा मिटतो तो वडीलधाऱ्यांसमोर तांबूल घेऊन. घेतलं की शब्द दिला. सणाचं तांबूल वेगळं आणि शब्दाचं तांबूल वेगळं, हे मला वाटत होतं, पण पानं दोन्हीकडं तीच असतात. ती बाई तडक माहेरी बसलेल्या सुगुणाकडे गेली आणि म्हणाली, सरकारी वकिलीणबाईंच्या घरानं आमचं तांबूल घेतलं. पदरात घेतलं. आता कोर्टात तुझं कोण आहे ते बघ.

दसऱ्यानंतर सुगुणाची साक्ष झाली. ती उभी राहिली आणि म्हणाली की विहिरीच्या पायरीवरून घसरून पडले, नवऱ्यानं काही केलं नाही. वन्संना काहीच कळेना. साक्षीदार उलटला की सरकारी वकील कोर्टाची परवानगी मागून आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. वन्संनी ती घेतली, आणि कडक घेतली. पोलिसांना खोटं सांगितलंस की आत्ता खोटं सांगतेस? कुणी शिकवलं? आपल्या मोडक्या मनगटाची शपथ घेऊन बोल, असंसुद्धा म्हणाल्या. सुगुणा आपल्या शब्दावरून हलली नाही. पुढं नवरा निर्दोष सुटला. साक्षीच्या दिवशी जाताना तिनं वन्संना जिन्याखाली गाठून एकच वाक्य टाकलं, "तांबूल घ्यायचंच होतं तर मला एवढं बोलायचं कशाला?"

त्या दिवशी वन्सं घरी आल्या, चपला काढल्या नाहीत. ओट्यावर उभ्या राहूनच विचारलं, "नलू, आपल्या घरात कुणाचं तांबूल आलं?" मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या. सुगुणा त्याच आठवड्यात सासरी परत गेली. ती नांदायला गेली असं लोक म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "तुझी चूक लहान, नलू. माझी मोठी. ती माझ्याकडं तीनदा आली, आणि मी कोण, कुणाची, हे मी तिला एकदाही सांगितलं नाही. मग दुसऱ्या कुणी सांगितलं ते तिनं खरं मानलं."

माझी चूक लहान नव्हती. मी त्या वेळी तसं म्हटलं नाही, आज म्हणते. एक बाई पुन्हा त्या अडसराच्या घरात गेली ती माझ्या पदरातल्या पानांमुळं.

त्यानंतर वन्संची काम करायची पद्धतच बदलली. हे मला त्यांच्या ऑफिसातल्या टंकलेखक बाईंकडून कळत गेलं, त्या माझ्या गल्लीतल्या मैत्रिणीची बहीण. कुठलीही बाई आली की वन्संचं पहिलं बोलणं ठरलेलं असे. "मी तुझी वकील नाही. मी सरकारची वकील. ही केस सरकारची आहे, तुझी नाही. तू मागे घेते म्हणालीस तरी मागे जाणार नाही." बायका घाबरायच्या. मग वन्सं पुढचं सांगायच्या. "घरी गेल्यावर नवरा, सासू, तुझा बाप, जो कोण केस मागे घे म्हणेल, त्याला सांग, ती वकिलीण हट्टी आहे, ऐकत नाही. शिव्या मला घालायला सांग. तूही घाल." कितीएक बायकांनी खरोखर घातल्या. बाजारात लोक आमच्याकडं बोट दाखवून बोलायचे, ही ती घरं मोडणारी. वन्सं त्यावर मान ताठ करून चालायच्या. म्हणायच्या, शिव्या माझ्याकडं आल्या म्हणजे तिच्या पाठीवर तेवढ्या कमी पडल्या.

आणि केस बाईच्या एका शब्दावर टांगून ठेवायची नाही, हे दुसरं. ती उद्या फिरली तरी बाकीचं उभं राहिलं पाहिजे. दवाखान्यात पहिल्यांदा कुणी तपासलं, त्या डॉक्टरच्या रजिस्टरात तिनं काय सांगितल्याची नोंद आहे, शेजारीण काय ऐकून धावली, हे सगळं त्या तपासी पोलिसाकडून आधीच मागून घ्यायच्या. फोटो दोन दिवसांनी पुन्हा काढा म्हणायच्या, वळ तेव्हा काळा होतो. पोलीस वैतागायचे. 'अक्कांची फाइल' म्हटलं की ठाण्यात लोक कपाळाला हात लावायचे, आणि तरीही काम नीट करायचे, कारण अर्धवट फाइल त्या चक्क परत पाठवायच्या.

साक्षीच्या आदल्या दिवशी, कोर्टाचं काम संपल्यावर, त्या बाईला रिकाम्या कोर्टात न्यायच्या. इथं तू उभी राहशील. तो तिथं उभा राहील, तिकडं बघायचं नाही, माझ्याकडंही नाही, मॅजिस्ट्रेटकडं बघायचं. हा कठडा धर. काय बोलायचं ते त्या कधीच सांगत नसत, फक्त जागा दाखवायच्या. टंकलेखक बाई सांगायच्या, काही बायका तो कठडा हातानं चाचपून बघायच्या, हलतो का म्हणून.

तांबूल मात्र वन्संनी त्या दिवसापासून कुणाचंच घेतलं नाही. सणाचं नाही, लग्नाचं नाही, सख्ख्या भाचीच्या बाळाच्या बारशाचं नाही. लोक नावं ठेवायचे. सरकारी नोकरीचा माज आलाय म्हणायचे. मीही नवरात्रात कोलू मांडायचं बंद केलं. बाहुल्या अजून पेटीत आहेत.

आठ-नऊ वर्षं गेली. वन्संच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, आणि सुगुणाचं नाव पुन्हा त्यांच्या टेबलावर आलं. या वेळी कान. नवऱ्यानं इतक्या जोरात मारलं होतं की डाव्या कानानं तिला ऐकू येईना. ती ओरत्तनाडूजवळ भावाकडं राहत होती. तक्रार तिनं केली नव्हती, सासरच्या शेजारच्या घरातल्या तमिळ बाईनं केली. वन्संनी तिला ऑफिसात बोलावून त्यांचं ठरलेलं बोलणं सांगितलं. टंकलेखक बाई म्हणाल्या, तिनं ते उजवा कान पुढं करून ऐकलं आणि निघून गेली. साक्षीला येईल की नाही, आली तर काय बोलेल, कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टर होते, शेजारीण होती. पण वन्संना ती हवी होती. केससाठी नव्हे... त्यांना तिचं एक देणं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला दिसत होतं. मला तर दुप्पट होतं.

साक्षीच्या चार दिवस आधी, संध्याकाळी, आमच्या मंडळींतले तिघं वडीलधारे आले. पुढं सेतुराव, सुगुणाच्या नवऱ्याचे मामा, संघात ज्यांच्या शब्दाला मान. वन्सं ओट्यावर बसल्या होत्या, मी दारात. सेतुरावांच्या हातात मोठं पितळी ताट, त्यात पानं, सुपारी, केळी, नारळ, रेशमी ब्लाउजपीस. त्यांनी ताट ओट्यावर वन्संच्या समोर ठेवलं आणि फार मायेनं बोलले. आपण इथं उरलो किती, अक्का? पोरं बाहेरगावी गेली, घरात मराठी बोलणारे संपत आले. त्यात आपलीच माणसं आपण कोर्टात उभी करायची? पोराला आम्ही समज दिली आहे. तुम्ही जरा हलक्या हातानं घ्या, एवढंच. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आपण थोडे उरलो, म्हणून तिनं मार खायचा?"

सेतुराव उठले. वन्सं म्हणाल्या, ताट घेऊन जा. ते म्हणाले, तांबूल ठेवलं की आपल्यात परत नेत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. आणि गेले. ताट ओट्यावर तसंच. वन्सं मला म्हणाल्या, "याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. उंबऱ्याच्या आत आलं नाही पाहिजे." आमच्या ह्यांनी विचारलं, निदान नारळ तरी? वन्संनी नुसतं बघितलं, प्रश्न तिथंच संपला.

ताट तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पानं सुकली, केळी काळी पडायला लागली. येणारे-जाणारे थांबून बघायचे. आणि तिकडं काय झालं असणार हे मला न सांगता कळत होतं. सेतुराव तडक सुगुणाकडं गेले असणार आणि म्हणाले असणार, अक्कांच्या घरी तांबूल ठेवून आलो. शब्द खोटाही नव्हता. तिसऱ्या दिवशी एका बकरीनं उरलेली पानं खाल्ली आणि ब्लाउजपीस तोंडात धरून पळाली. मी एरवी पोट धरून हसले असते. पण मला राहवेना. वन्सं कोर्टात गेल्यावर मी बस पकडली आणि ओरत्तनाडूला सुगुणाच्या भावाकडं गेले.

तिनं मला ओळखलं. मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि सांगितलं की मागच्या वेळी ज्या पदरात तांबूल पडलं तो माझा होता, वन्संना त्याचा पत्तासुद्धा नव्हता. मी म्हटलं, या वेळचं ताट डोळ्यांनी बघून घे, मग काय ते ठरव. केसबद्दल मी चकार शब्द काढला नाही, तेवढी अक्कल मला होती. ती आली. आम्ही बसमधून उतरलो, आमच्या गल्लीत वळलो, आणि ती रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. ओट्यावर ताट होतं. काळी केळी, नारळ, वर माशा. ती किती वेळ बघत उभी होती, देव जाणे. मी आत ये म्हटलं नाही. मग ती म्हणाली, "उद्या रिकामं कोर्ट बघायला येते, म्हणून सांगा अक्कांना," आणि परत बसस्टँडकडं गेली.

वन्संना संध्याकाळी सांगितलं तर त्यांनी मला अक्षरशः उभी सोलली. साक्षीदाराला सरकारी वकिलाच्या दारात आणतेस? बचाव पक्षाचा वकील केसची लक्तरं करील, तुला काही समजतं का? मी रडले. त्या आत गेल्या आणि स्वतःच्या हातानं कॉफी करून आणली. साखर विसरल्या होत्या. मी तशीच प्यायले.

आणि त्यांनी सांगितलं तसंच झालं, पण उलट्या बाजूनं. साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. सुगुणानं अडसरापासून कानापर्यंत सगळं सांगितलं, मॅजिस्ट्रेटकडं बघून, हात कठड्यावर ठेवून. मग बचावाचा वकील उठला. कुणीतरी तिला आमच्या गल्लीत पाहिलेलं होतं. त्यानं मोठ्या रुबाबात विचारलं, परवा तू सरकारी वकिलांच्या घरी गेली होतीस की नाही? ती म्हणाली, "घरी गेले नाही. रस्त्यावर उभी होते." कशासाठी? इथं कुठल्याही शहाण्या वकिलानं थांबायला हवं होतं. तो थांबला नाही.

"तांबूलाचं ताट आत गेलं का ते बघायला," सुगुणा म्हणाली. "गेलं नव्हतं."

मॅजिस्ट्रेटांनी मान वर केली आणि स्वतःच विचारलं, कुठलं ताट? कोणी ठेवलं? मग ते सगळं कागदावर आलं. कोण आले, केव्हा आले, सुगुणाकडं येऊन काय बोलले. सेतुराव समोरच्या बाकावर होते, ते उठून बाहेर गेले. वन्सं फाइलीतून मान वर न करता बसून होत्या. फक्त त्यांच्या हातातलं पेन टोपण न लावता तसंच धरलेलं होतं, आणि शाई साडीवर उतरत होती.

नवऱ्याला शिक्षा झाली. अपिलात ती थोडी कमी झाली, पण दोषी तो दोषीच राहिला. सुगुणा आता तंजावरातच शिवणकाम करते, अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्याकडं असतात. वन्सं निवृत्त झाल्यावर, आधी नाही, ती आमच्या घरी यायला लागली.

आणि ताट? सेतुरावांनी नेलं नाही. न्यायचं म्हणजे आपलं होतं हे कबूल करायचं. वन्संनी नारळ देवळाबाहेरच्या दगडावर फुटायला पाठवला, ताट धुतलं आणि ओट्यावरच्या भिंतीला खिळा मारून लटकवलं, रस्त्याकडं तोंड करून. आपल्याकडं भांड्यावर नाव कोरतात तसं त्यावर सेतुरावांचं नाव तमिळ अक्षरांत कोरलेलं आहे. पितळ काळं पडतं, आणि काळं पडलं की नाव वाचता येत नाही. म्हणून दर शुक्रवारी वन्सं चिंच भिजवायच्या आणि ते ताट घासून लख्ख करायच्या. आमच्या ह्यांनी एकदा म्हटलं, आता उतरव, झाली की इतकी वर्षं. तर म्हणाल्या, "ज्यांचं आहे त्यांनी न्यावं. मी कुणाची वस्तू ठेवून घेत नाही."

वन्संच्या तेराव्याला गोडाचं जेवण झाल्यावर सेतुराव आले. वय झालंय, काठी आली आहे. आधी त्यांनी पत्रक कसं वाटलं ते विचारलं. मी म्हटलं, खोटं वाटलं. त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं आणि भिंतीकडं काठी दाखवून म्हणाले, "अक्का गेल्या, आता तो विषय संपला. ते ताट मी घेऊन जातो." संघाच्या शोकसभेत लोक येतील, ओट्यासमोरून जातील, बरं दिसत नाही, असंही म्हणाले. मला वन्संचा आवाज आठवला, पण मी माझ्याच आवाजात बोलले. म्हटलं, "जरूर न्या, मामा. सुगुणा आत स्वयंपाकघरात आहे. तिला बोलावते, ती खिळ्यावरून काढून तुमच्या हातात देईल. तिच्या हातून घ्या आणि न्या." सुगुणा दारात आलेलीच होती, हात पदराला पुसत. सेतुरावांनी तिच्याकडं बघितलं नाही. काठी टेकत ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि गेले. शोकसभेला मी गेले नाही.

वन्संची खुर्ची ओट्यावर आहे, तिला मी हलवलेलं नाही. अजून कधी कधी एखादी बाई पत्ता विचारत येते, तिला माहीत नसतं. मी तिला बसवते, पाणी देते, कोर्टात आता कोण बसतं ते सांगते, आणि वन्संचं पहिलं वाक्य सांगते, की ही केस तुझी नाही, सरकारची आहे, शिव्या वकिलाला घालायला सांग. मग ती भिंतीवरच्या ताटाकडं बघून विचारते, हे कुणाचं? मी म्हणते, नाव वाच.

आज शुक्रवार. सुगुणा आली आहे आणि चिंच मी भिजत घातली आहे.